मियाँ-बीवी, दोन सायकली आणि आंब्याचा घाट

महाराष्ट्रात मलकापूर नावाची गावे बरीच आहेत. रेल्वेने प्रवास करणाऱ्याला बुलढाणा जिल्ह्यातील मलकापूर आठवते, पुणे-बंगळूर महामार्गावरून जाणाऱ्याला कराडशेजारचे. आपण बोलणार आहोत ते कोल्हापूर जिल्ह्यातील, शाहूवाडी तालुक्यातील मलकापूर. कोल्हापूरपासून ते साधारण ४५ किलोमीटरवर आहे. येथून रत्नागिरीच्या दिशेने निघाले की वीसेक किलोमीटरवर आंबा गाव लागते. तेथे सह्याद्रीची कड संपते आणि रस्ता वळणे घेत साखरप्याकडे, कोकणात उतरतो. उत्तरेला चांदोलीचे जंगल, दक्षिणेला विशाळगडाच्या रांगा आणि मध्ये हा एकच वाहता रस्ता.

थंडीच्या दिवसांत या रस्त्यावर सायकलवाले दिसतात. बहुतेक तरुण मुले असतात, गटाने येतात आणि संध्याकाळपर्यंत घरी परततात. नवरा-बायको जोडीने सायकलवर, मागे बिछाना-भांडी बांधून चार-आठ दिवसांच्या सफरीला निघाले आहेत, असे चित्र क्वचितच दिसते. आपल्या मुस्लिम घरांतून तर त्याहून कमी. पण आता अनेक घरांत हा विषय निघू लागला आहे. डॉक्टरांनी साखर किंवा रक्तदाबासाठी सायकल सांगितली, दोघांनी रोज फज्रनंतर दहा-पंधरा किलोमीटर फिरायला सुरुवात केली, आणि मग एक दिवस कुणीतरी म्हणाले, ‘‘आता लांब जाऊ या का?’’

या प्रश्नाला हो म्हणण्याआधी काही गोष्टी समजून घ्यायला हव्यात. माणसे घाटाची धास्ती घेतात, जंगली जनावरांची घेतात, पंक्चरची घेतात. त्या सगळ्यांवर उपाय ठरलेले आहेत. ज्यावर ठरलेला उपाय नाही अशी एकच गोष्ट आहे. दोघांचा वेग सारखा नसतो, आणि मनुष्यवस्तीपासून दूर गेल्यावर त्या फरकातून जे निर्माण होते ते सांभाळणे हीच जोडीच्या सफरीची खरी कसोटी असते.

सव्वाशे वर्षांपूर्वीचे एक जोडपे

जोडीने सायकलवर भारत फिरण्याची गोष्ट नवी नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील विल्यम हंटर वर्कमन आणि फॅनी बुलक वर्कमन या पती-पत्नीने ती १८९७ साली सुरू केली. विल्यम डॉक्टर होते. प्रकृतीमुळे त्यांनी व्यवसाय सोडला आणि दोघे युरोपात राहू लागले. अल्जीरिया आणि स्पेन त्यांनी आधीच सायकलवर पाहिले होते. स्पेनमध्ये त्यांची रोजची सरासरी ७० किलोमीटरच्या आसपास होती, एखाद्या दिवशी ते १३० पर्यंतही जात. नोव्हेंबर १८९७ पासून सुमारे अडीच वर्षे ते श्रीलंका, जावा, ब्रह्मदेश आणि हिंदुस्थानात फिरले. प्रवास निघाला तेव्हा फॅनी ३८ वर्षांच्या होत्या आणि विल्यम ५० वर्षांचे. सगळे मिळून अंतर झाले १४ हजार मैल, म्हणजे जवळजवळ साडेबावीस हजार किलोमीटर. १९०४ मध्ये त्यांनी या सफरीवर पुस्तक लिहिले.

त्यांच्या सामानाची यादी वाचण्यासारखी आहे. चहा, साखर, बिस्किटे, चीज, डब्यातले मांस, पाणी, उशा, प्रत्येकी एक ब्लँकेट, लिहिण्याचे साहित्य, औषधे आणि सायकल दुरुस्तीची हत्यारे. बस. वाटेत अन्न मिळेल याची खात्री राहावी म्हणून ते शक्यतो रेल्वेमार्गाजवळच्या मोठ्या रस्त्यांनी जात आणि राहायची सोय नसली तर स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये रात्र काढत. डासांचे थवे, उंदरांनी भरलेल्या खोल्या, अपुरे जेवण हे तर रोजचेच. काही दिवशी एका दिवसात चाळीसपर्यंत पंक्चर काढावे लागले. ज्याने माळरानावरच्या बाभळीच्या काट्यांतून सायकल नेली आहे त्याला हा आकडा खोटा वाटणार नाही.

इतका त्रास सोसून हे दोघे एकत्र कसे टिकले? पुढे सायकली ठेवून ते हिमालय आणि काराकोरममध्ये चढाया करू लागले, तेव्हाची त्यांची एक पद्धत याचे उत्तर देते. एका वर्षी मोहिमेची व्यवस्था, म्हणजे माणसे, सामान, पैसा, मार्ग हे सगळे विल्यम पाहत आणि फॅनी मोजमापांचे व अभ्यासाचे काम करत. पुढच्या मोहिमेत कामे उलटी होत. १९१२ च्या सियाचीन हिमनदीच्या मोहिमेची सूत्रे फॅनी यांच्याकडे होती. नेतृत्व दोघांत फिरते राहिल्यामुळे एक कायम हुकूम सोडणारा आणि दुसरा कायम मागे ओढला जाणारा, असे झाले नाही.

त्यांचे सगळेच घेण्यासारखे नव्हते. स्थानिक हमालांशी त्यांचे वारंवार खटके उडत, कारण ज्या मुलखातून आपण जातो तेथील माणसांच्या अडचणी समजून घेण्याची त्यांची तयारी कमी पडे. हा धडासुद्धा आपल्या उपयोगाचा आहे.

वेगाचा हिशेब

आता आपल्या घाटाकडे येऊ. मलकापूरहून जाताना आंब्यापर्यंत चढउतार आहेत आणि मग उतार. खरी चढण परतताना, साखरप्याकडून वर येताना लागते. समजा आठ किलोमीटरची चढण आहे. भरलेल्या सायकलवर एक जण ताशी आठच्या वेगाने चढतो, दुसरा ताशी सहाच्या. पहिला एका तासात वर पोहोचतो, दुसऱ्याला एक तास वीस मिनिटे लागतात. फरक वीस मिनिटांचा. सपाट रस्त्यावर तो जाणवतही नाही.

पण पुढे काय होते ते पाहा. पहिला वर पोहोचला, सावलीत बसला, पाणी प्याला, चार खजूर खाल्ले, ताजातवाना झाला. वीस मिनिटांनी दुसरा धापा टाकत आला. पहिला उठतो आणि म्हणतो, ‘‘चला, निघू या.’’ म्हणजे ज्याला विश्रांतीची गरज कमी होती त्याला वीस मिनिटे मिळाली, ज्याला जास्त होती त्याला दोन. दिवसात अशा चार चढणी आल्या की एकाला सव्वा तास विश्रांती मिळते आणि दुसऱ्याला जवळजवळ काहीच नाही. तिसऱ्या दिवशी मागे राहणाऱ्याचे डोळे भरून येतात, पुढे जाणाऱ्याला कारण कळत नाही. भांडण मग पाण्याच्या बाटलीवरून किंवा चुकलेल्या वळणावरून होते. मूळ त्या वीस मिनिटांत असते.

मागे राहणारी नेहमी बायकोच असते असे मानू नये. रोज शेतात किंवा घरात राबणारी बाई कित्येकदा दुकानात बसून असलेल्या नवऱ्यापेक्षा चिवट निघते. चढाला नवरा पुढे आणि दिवसभराच्या लांब पल्ल्यात बायको पुढे, असेही होते.

यावर चार साधे नियम लांब पल्ल्याच्या सायकलवाल्यांत रूढ आहेत. पहिला, हळू चालवणाऱ्याने पुढे राहावे, जोरात चालवणाऱ्याने मागे. दुसरा, विश्रांतीची वेळ मागचा माणूस पोहोचल्यापासून मोजावी. तिसरा, ओझे निम्मे-निम्मे वाटू नये. तंबू, भांडी, हत्यारे अशा जड वस्तू ताकदवानाच्या कॅरिअरला बांधाव्यात, म्हणजे दोघांचा वेग आपोआप जवळ येतो. चौथा, दोघांनी एकमेकांच्या नजरेआड होऊ नये. मोबाईलला रेंज नसलेल्या घाटात पुढचा एका फाट्याने आणि मागचा दुसऱ्या फाट्याने गेला तर अंधार पडेपर्यंत शोधाशोध चालते.

या संदर्भात आपल्याकडे दोन रिवायती ठाऊक असाव्यात. एका सफरीत रसूलुल्लाह (स.) यांनी हजरत आयशा (रजि.) यांच्याशी धावण्याची शर्यत लावली आणि त्या जिंकल्या. पुढे काही काळाने पुन्हा शर्यत झाली तेव्हा आप (स.) जिंकले आणि ही त्या वेळची परतफेड असल्याचे सांगितले. अबू दाऊदच्या संग्रहात ही नोंद आहे. दुसऱ्या रिवायतीत अंजशा नावाचे उंट हाकणारे सेवक स्त्रिया बसलेले उंट जोरात हाकू लागले, तेव्हा त्यांना हळू चालवण्याची ताकीद मिळाली आणि त्या सवारीला काचेच्या नाजूक भांड्यांची उपमा दिली गेली. सफरीत हास्यविनोदालाही जागा आहे, आणि वेग ठरवताना कुणाला त्रास होतो हे आधी पाहायचे आहे. दोन्ही गोष्टी एकत्र लक्षात ठेवल्या तर घाट सोपा होतो.

अमीर कोण?

तिघे जण सफरीला निघाले तर त्यांनी एकाला अमीर नेमावे, अशी शिकवण हदीसमध्ये आहे. कारण उघड आहे. वाटेत निर्णय लवकर घ्यावे लागतात आणि प्रत्येक वळणावर वाद घालत बसणे धोक्याचे असते.

माणसे वाटेत कशी विखुरतात याचे उदाहरण मुंबईनेच पाहिले आहे. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईतून सहा पारशी तरुण सायकलने जगप्रवासाला निघाले. इराणचे वाळवंट, सहारा, आमेझॉनचे जंगल असे ७१ हजार किलोमीटर पार करून १९२८ च्या मार्चमध्ये परतले ते तिघेच: आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगारा. बाकीचे तिघे वेगवेगळ्या टप्प्यांवर वेगळे झाले. मित्र वेगळे झाले तर ज्याची त्याची वाट असते. नवरा-बायकोला तो मार्ग नसतो. संध्याकाळी एकाच तंबूत शिरायचे असते आणि सफर संपल्यावर एकाच घरात.

म्हणून दोघांच्या सफरीत अमीर रोज बदलावा. आज रस्ता आणि मुक्काम नवऱ्याने ठरवायचा, उद्या बायकोने. मशवरा दोघांनी करायचा, अखेरचा शब्द त्या दिवसाच्या अमीरचा. यातून एक मोठा फायदा होतो. ज्याने काल ‘अजून दहा किलोमीटर’ असा हट्ट धरला होता, त्याला आज कळते की दहा किलोमीटर कमी करण्याचा निर्णयसुद्धा किती विचाराने घ्यावा लागतो. एक मुद्दा मात्र अमीरच्याही वर ठेवावा. दोघांपैकी कुणीही ‘थांबू या’ म्हटले तर थांबायचे, कारण विचारायचे नाही.

आणखी एक गोष्ट अनुभवी लोक आवर्जून सांगतात. पोटात काही नसताना निर्णय घेऊ नये. चार तास पायडल मारल्यावर अंगातली साखर उतरते, चिडचिड होते आणि साधा प्रश्न टोमण्यासारखा वाटतो. आधी गूळ-शेंगदाणे खावेत, पाणी प्यावे, दहा मिनिटे बसावे. निम्मी भांडणे तेवढ्यातच मिटतात.

पाणी, जेवण आणि पंक्चर

सायकल चालवताना माणसाला ताशी अर्धा ते पाऊण लिटर पाणी लागते, उन्हात त्याहून जास्त. म्हणजे चार तासांच्या निर्मनुष्य टप्प्यासाठी दोघांना किमान पाच-सहा लिटर जवळ हवे. ओढ्याचे पाणी उकळल्याशिवाय पिऊ नये, मग ते कितीही नितळ दिसो. जुलाब झाले तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून थोडे थोडे पाजत राहावे. चमचा चहाचा असावा.

हलाल जेवणाची काळजी अनेकांना वाटते. पहिल्या दोन दिवसांचे घरून नेता येते. दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, चिक्की, खजूर, उकडलेली अंडी टिकतात आणि ताकद देतात. पुढे गावोगावी डाळ-भात, भाकरी-पिठले, केळी मिळतात. मांसाहार चार दिवस नसला तरी बिघडत नाही, उलट उन्हात पोट हलके राहते.

दुरुस्तीचे सामान म्हणजे दोन जादा ट्यूब, पॅच, सोल्युशन, टायर काढायच्या पट्ट्या, पंप, पान्हे, चेनची एक जोड-कडी आणि ब्रेकची एक वायर. पंक्चर काढायला दोघांनाही यायला हवे. हे काम नवऱ्याचे असे ठरवून निघालेल्या जोडप्यात नवऱ्यालाच ताप आला तर सफर तेथेच अडकते. मलकापुरातील सायकलच्या दुकानात एक दुपार बसून दोघांनी चाक काढणे, पंक्चर काढणे आणि ब्रेक आवळणे शिकून घ्यावे. त्याचप्रमाणे चूल पेटवणे आणि दोन माणसांचा भात करणे नवऱ्यालाही यावे. दमलेल्या संध्याकाळी दोघेही सारखेच दमलेले असतात.

बहिणींसाठी काही गोष्टी

आपल्या बहिणींना पहिली अडचण कपड्यांची वाटते. सैल सलवार किंवा पायजमा चालतो, मात्र घोट्याजवळ क्लिपने किंवा पट्टीने आवळलेला हवा. दुपट्ट्याचे टोक आणि बुरख्याचा घेर चेनमध्ये किंवा मागच्या चाकात अडकून अपघात होतात. म्हणून गुडघ्याखाली येणारा सैल कुर्ता, डोक्याला बिनपिनेचा घट्ट स्कार्फ आणि त्यावर हेल्मेट हा सोयीचा पोशाख आहे. सायकलला चेनवर झाकण असावे. फ्रेम आपल्या उंचीची असावी. नवऱ्याची जुनी सायकल सीट खाली करून वापरली तर पाठ, मनगटे आणि गुडघे दुखू लागतात.

दुसरी अडचण कुणी बोलत नाही अशी आहे. वाटेत शौचालय नाही म्हणून बायका पाणीच पीत नाहीत. त्यातून लघवीची जळजळ, ताप, डोकेदुखी सुरू होते, आणि उन्हात हे गंभीर ठरू शकते. रोजचा मार्ग आखताना एसटी स्टँड, पेट्रोल पंप, शाळा, ओळखीची घरे कोठे आहेत हे आधी पाहून ठेवणे नवऱ्याने आपले काम समजावे. जंगलात आडोसा शोधण्याची वेळ आली तर छोटे फावडे, पाण्याची बाटली आणि आडोशाला धरायची चादर बरोबर असावी.

पाळीच्या दिवसांत सायकल चालवायची की मुक्काम करायचा हे बाईने ठरवावे. गर्भारपणात, किंवा साखर, दमा, रक्तदाब असेल तर दोघांपैकी कुणीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय लांब पल्ल्याला निघू नये.

जंगल, रस्ता आणि रात्र

चांदोली राष्ट्रीय उद्यान आणि कोयना अभयारण्य मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. हा सगळा पट्टा गव्यांचा आहे. बिबट्या आणि अस्वल आहेत, वाघाचा वावरही नोंदला गेला आहे. संरक्षित जंगलात परवानगीशिवाय शिरणे किंवा तंबू ठोकणे गुन्हा आहे. म्हणून डांबरी सडक सोडू नये आणि कोणत्याही आतल्या वाटेबद्दल आधी वनखात्याकडे चौकशी करावी.

गवा पहाटे आणि संध्याकाळी रस्त्यावर येतो. तो दिसला तर लांबच थांबावे, घंटी वाजवू नये, ओरडू नये, फोटोसाठी पुढे जाऊ नये. एक गेला म्हणजे कळप गेला असेही नाही. मागे पिल्लू असू शकते. सगळे गेल्यावर आणखी पाच मिनिटे थांबून मग निघावे. साप चावला तर जखम कापू नये, चोखू नये, दोरी आवळू नये. तो भाग न हलवता लवकरात लवकर दवाखान्यात न्यावे. १०८ हा रुग्णवाहिकेचा आणि ११२ हा पोलिसांच्या तातडीच्या मदतीचा क्रमांक दोघांनाही पाठ हवा.

जनावरांपेक्षा मोठा धोका वाहनांचा आहे. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील बार्बरा आणि लॅरी सॅव्हेज हे जोडपे १९७८ मध्ये निघून दोन वर्षांत २५ देश आणि २३ हजार मैल सायकलवर फिरले. भारत आणि नेपाळचे रस्तेही त्यांनी पार केले. ते सुखरूप घरी परतले. बार्बरा यांनी त्यावर पुस्तक लिहिले, आणि ते १९८३ मध्ये बाहेर येण्याच्या सुमारास आपल्याच भागात सायकल चालवताना झालेल्या अपघातात त्यांचा मृत्यू झाला. ओळखीच्या रस्त्यावरही हेल्मेट, मागचा लाल दिवा आणि चमकणारी पट्टी का हवी, हे यावरून समजावे. घाटात एकामागे एक चालावे, शेजारी शेजारी नको. उतारावर दोन सायकलींत पुरेसे अंतर ठेवावे आणि दोन्ही ब्रेक थांबून थांबून दाबावेत. सतत दाबून धरले तर ते तापून निकामी होतात. कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्याच्या रुंदीकरणामुळे काही ठिकाणी खडी आणि वळवलेला मार्ग लागू शकतो, तेथे उतरून चालत जाण्यात कमीपणा नाही.

रात्रीचा मुक्काम वस्तीतच करावा. १ मार्च २०२४ च्या रात्री झारखंडमधील दुमका जिल्ह्यात तंबू टाकून थांबलेल्या, मोटारसायकलवरून जग फिरणाऱ्या एका परदेशी जोडप्यावर हल्ला झाला आणि सारा देश हादरला. दोष त्या जोडप्याचा नव्हता, गुन्हेगारांचा होता. तरीही त्यातून सावधगिरी शिकायला हवी. एकांतात तंबू टाकण्याऐवजी सूर्यास्ताच्या दोन तास आधी गावात पोहोचावे, सरपंच, पोलीस पाटील किंवा मशिदीच्या जबाबदार मंडळींना भेटावे, आधार कार्ड दाखवावे आणि एखाद्या घराच्या अंगणात जागा मागावी. जोडप्याला येथे एक फायदा मिळतो. एकट्या पुरुषाला पाहून दार अर्धे उघडते. बरोबर बाई दिसली की घरातील बाई बाहेर येते, पाणी विचारते आणि निम्मे काम होते. मग त्या घराच्या पद्धतीने वागावे, जे वाढतील ते आनंदाने खावे, निघताना मुलांसाठी काही देऊन जावे. वर्कमन दांपत्याला जे जमले नाही ते आपल्याला जमायला हरकत नाही.

सफरीतील नमाज

सायकलवाल्याला नमाज अडचणीची वाटू नये. खरे तर तिच्यामुळे दिवसाला आपोआप टप्पे पडतात. फज्रनंतर निघावे, जुहरला उन्हाच्या वेळी लांब विश्रांती घ्यावी आणि अस्रपर्यंत मुक्कामाचे गाव गाठावे. आपल्या भागातून किब्ला पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे आहे. हनफी मतानुसार ४८ मैल, म्हणजे सुमारे ७७ किलोमीटरच्या सफरीचा इरादा करून वस्तीबाहेर पडले की चार रकअतींच्या फर्ज नमाजा दोन होतात. म्हणजे मलकापूर ते आंबा या फेरीला कसर नाही, कोल्हापूर ते रत्नागिरी या सुमारे १३० किलोमीटरच्या सफरीला आहे.

घाट उतरला की आणखी एक फरक दिसतो. घाटावर बहुतेक हनफी आहेत, कोकणी मुस्लिम शाफई. कोकणातील मशिदीत अस्रची जमात घाटापेक्षा लवकर उभी राहते आणि फज्रमध्ये कुनूत पढला जातो. शाफई मतात मुसाफिराला जुहर-अस्र किंवा मगरिब-इशा एकत्र करण्याची सवलत आहे, हनफी मतात सामान्य सफरीत ती नाही. मुकीम इमामामागे उभे राहिले तर मुसाफिराने पूर्ण चार पढायच्या. पाणी पिण्यापुरतेच उरले असेल आणि जवळपास मिळण्याची शक्यता नसेल तर तयम्मुम आहे. तपशील निघण्यापूर्वी आपल्या इमामसाहेबांना विचारून घ्यावा.

घरी राहिलेली माणसे

वर्कमन दांपत्याने वर्षानुवर्षे प्रवास केला तेव्हा त्यांची मुलगी रेचेल दायांकडे आणि निवासी शाळांत वाढली. पुढे ती भूगर्भशास्त्रज्ञ झाली, नाव कमावले. तरीही आईबाप इतके दूर असावेत का, हा प्रश्न त्या काळीही विचारला गेला आणि आजही विचारला जातो.

आपल्याकडे तर घरात मुले असतात, अम्मी-अब्बा असतात, कुणाच्या औषधांच्या वेळा असतात. दोघे एकाच वेळी बाहेर पडले तर घर कोण पाहणार, हा जोडीच्या सफरीचा सर्वांत अवघड प्रश्न आहे. त्याचे उत्तर सफरीच्या लांबीत शोधावे. एक महिना शक्य नसेल तर तीन दिवस. नणंद, भावजय, खाला यांच्याशी आधी बोलून, त्यांच्या सोयीची तारीख धरून निघावे आणि पुढे त्यांना गरज पडेल तेव्हा आपणही तसेच उभे राहावे. रोज मगरिबनंतर घरी फोन करायचा, रेंज नसेल तर पुढच्या गावातून करायचा आणि उद्या कोठे असू हे सांगून ठेवायचे. ठरल्या वेळेनंतर किती तास वाट पाहून कुणाला कळवायचे, हेही घरात लिहून ठेवावे. मागे काळजी ठेवून गेलेल्या माणसाला घाटातले सौंदर्य दिसत नाही.

मलकापूरपासून सुरुवात

ज्यांना करून पाहायचे आहे त्यांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडावा. पावसाळ्यात आंबा घाटात धुके, मुसळधार पाऊस आणि दरडींचा धोका असतो. पहिल्या वेळी रिकाम्या सायकलींवर मलकापूर ते आंबा आणि परत, सुमारे ४० किलोमीटर. हे सहज जमले तर महिनाभराने तीच फेरी सामान बांधून, आंब्याला एक मुक्काम करून. तिसऱ्या वेळी घाट उतरून साखरप्याला मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी चढून परत. ही चढण दोघांनी न भांडता पार केली की पुढे रत्नागिरी, मग किनाऱ्याने वर किंवा खाली, असे टप्पे वाढवता येतात.

प्रत्येक फेरीनंतर दोघांनी वेगवेगळ्या कागदावर तीन गोष्टी लिहाव्यात: काय आवडले, कशाचा त्रास झाला आणि पुढच्या वेळी काय बदलावे. मग कागद बदलून वाचावेत. बायकोच्या कागदावर ‘तुम्ही वर पोहोचल्यावर लगेच निघू या म्हणता’ असे असेल, नवऱ्याच्या कागदावर ‘गुडघा दुखत होता, पण बोललो नाही’ असे असेल. पुढच्या सफरीची तयारी त्या दोन कागदांवरून करावी. सफरीची दुआ पढून निघावे, आणि अल्लाह सर्वांना सुखरूप घरी आणो.